कागद खरा, माल चोरीचा

‘बिझनेस इंटेलिजन्स’ हे माझ्या पोटापाण्याच्या कामाचं नाव आहे. घरी कुणी विचारलं की मोठी पंचाईत होते. इंटेलिजन्स म्हटलं की आमच्या वडीलधाऱ्यांना हेरखातं आठवतं. मग मी सांगतो की कंपनीची विक्री, साठा, उधारी असे सगळे आकडे एका जागी आणायचे, त्यांचे तक्ते आणि आलेख काढायचे, आणि साहेबांना निर्णय घेता येईल असं काहीतरी त्यातून दाखवायचं. यावर एकदा उत्तर आलं होतं, "म्हणजे मुनीमच की!" खोटं नाही ते. पण मुनीम एका दुकानाची वही सांभाळतो, आमच्याकडे हजार दुकानांच्या वह्या रोज रात्री आपोआप येऊन पडतात, एवढाच फरक.

या विद्येचा इतिहास इंग्रजी पुस्तकांत नेहमी अमेरिकेपासून सुरू होतो. तोही सांगतोच. पण बरेच दिवस मनात होतं की हाच इतिहास आपल्या हिंगोलीच्या बाजूने लिहून बघावा. जिल्हा म्हणून हिंगोली अगदी अलीकडची, १ मे १९९९ ला परभणीतून वेगळी झालेली. पण माहिती कोण गोळा करतो, ती खरी आहे का, आणि तिचा उपयोग कुणाला होतो, या तीन प्रश्नांवर या एवढ्याशा जिल्ह्यात दोनशे वर्षांचा मालमसाला पडलेला आहे.

आधी अमेरिका उरकून घेऊ. १८६५ साली रिचर्ड मिलर डेव्हन्स नावाच्या गृहस्थांनी व्यापारी किश्श्यांचा एक जाडजूड कोश काढला. त्यात सर हेन्री फर्नीस या इंग्रज सावकाराची हकिकत आहे. युरोपात कुठे लढाई झाली, कोण जिंकलं, हे या माणसाला त्याच्या स्वतःच्या बातमीदारांकडून सगळ्यांच्या आधी कळायचं आणि त्यावर तो पैसे करायचा. त्याच्या या हातोटीचं वर्णन करताना डेव्हन्सने ‘बिझनेस इंटेलिजन्स’ हे शब्द वापरले. हा या शब्दांचा पहिला छापील वापर समजला जातो. म्हणजे आमच्या घरच्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती. मुळात हे हेरखातंच!

पुढे १९५८ साली आयबीएमच्या हान्स पीटर लून या संशोधकाने याच नावाचा एक लेख लिहिला. संगणक तेव्हा खोलीएवढे होते. लूनची कल्पना अशी की संस्थेत येणारे कागद यंत्राने वाचावेत, त्यांचा सारांश काढावा, आणि ज्या माणसाला त्यावर काहीतरी करायचं आहे त्याच्याकडे तो आपोआप पोचवावा. त्याच्या मांडणीत शेवटचा टप्पा ‘कृती’ हा आहे. समोरच्या गोष्टींमधले संबंध ओळखून हव्या त्या दिशेला पाऊल टाकता येणं, ही त्याची इंटेलिजन्सची व्याख्या. १९८९ च्या सुमारास हॉवर्ड ड्रेसनर यांनी हा शब्द पुन्हा चलनात आणला, मग डेटा वेअरहाऊस आले, रंगीत डॅशबोर्ड आले, आणि व्याख्येतली ‘कृती’ हळूहळू मागे पडली. आलेख दिसला की काम झालं असं सगळ्यांना वाटायला लागलं.

असो. आता हिंगोली.

हिंगोलीत अजूनही पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी मोहल्ल्यांची नावं आहेत. बाहेरचा माणूस चक्रावतो, की हे काय लष्करी गाव आहे का? होतंच. निझामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज होती, तिची मोठी छावणी इथे होती. १९०३ साली ती उठली, नावं राहिली.

१८३० च्या दशकात ठगांचा बंदोबस्त करण्याची मोहीम निघाली. प्रमुख होता विल्यम स्लीमन, आणि निझामाच्या मुलखातलं काम कॅप्टन रेनॉल्ड्सकडे होतं. ही मोहीम तलवारीपेक्षा वह्यांवर जास्त चालली. पकडलेल्या ठगांना माफीचा साक्षीदार करायचं, त्यांच्याकडून नावं, गावं, नातीगोती, खुनांच्या जागा लिहून घ्यायच्या, एकाचा जबाब दुसऱ्याशी ताडून बघायचा. स्लीमनने १८३६ साली ठगांच्या सांकेतिक भाषेचा कोश छापला, त्यात ठग घराण्यांच्या वंशावळीसुद्धा आहेत. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याने ठगांचा डेटाबेस बनवला. (ठग नावाचा एकसंध पंथ खरोखर होता का, की इंग्रजांच्या वहीतच तो जास्त ठळक झाला, यावर आजचे इतिहासकार बराच वाद घालतात. तो वादसुद्धा शेवटी डेटाचाच आहे. साक्षीदाराला जीव वाचवायचा असेल तर तो काय सांगेल?)

याच काळात निझामाच्या नोकरीत फिलिप मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने १८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबावर एक गाजलेली कादंबरी लिहिली. कादंबरीचं सोडा, तिच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोली छावणीतली एक हकिकत दिली आहे. माझ्या मते आमच्या धंद्यातल्या प्रत्येक नवशिक्याला ती पहिल्या दिवशी सांगायला हवी.

हिंगोलीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणीतल्या साहेबलोकांची त्याच्याशी देवघेव होती, खुद्द टेलरचीही होती. त्याने एकदा रेनॉल्ड्सकडे अर्ज केला, मला मुंबईहून कापड आणायचं आहे, परवाना द्यावा. परवाना मिळाला. प्रत्यक्षात जवळच्याच एका गावचा दुसरा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येतो आहे ही बातमी हरीसिंगाकडे होती. त्याने वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि जनावरं हाकणाऱ्यांना मारलं, माल त्या परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत राजरोस विकला. पकडला गेल्यावर त्याने आपण होऊन सांगितलं नसतं तर हे कधीही उघडकीला आलं नसतं, असं टेलर लिहितो. हरीसिंग हा त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या होता. छावणीच्या पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पुरलेली प्रेतं नंतर उकरून काढली गेली तेव्हा टेलर स्वतः तिथे हजर होता.

आता ही गोष्ट जरा हिशेबनीसाच्या नजरेने बघा. परवाना खरा होता. सही खरी होती. माल कापडाचाच होता आणि तो मुंबईहूनच आला होता. नाक्यावरच्या माणसाने परवान्याशी माल ताडून बघितला असता तर सगळं जुळलं असतं. आज आम्ही ज्याला ‘डेटा क्वालिटी चेक’ म्हणतो ते सगळे चेक या मालाने पास केले असते. चूक एकच होती, ती म्हणजे मालाचा खरा मालक वाटेत मातीखाली होता, आणि ते लिहायला परवान्यावर रकानाच नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे या सगळ्या प्रकरणात खरं ‘बिझनेस इंटेलिजन्स’ कुणाकडे होतं? हरीसिंगाकडे. कुठला माल कुठून कधी निघाला आणि कुठपर्यंत आला हे त्याला नेमकं ठाऊक होतं, आणि त्या माहितीवर कृती करायची ताकदही त्याच्याकडे होती. सरकारकडे फक्त कागद होता.

यानंतरचा मोठा टप्पा कापसाचा. हिंगोलीच्या उत्तरेला वऱ्हाड. ते १८५३ साली निझामाने इंग्रजांकडे सोपवलं होतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा रेल्वे फाटा सुरू झाला, आणि त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई थेट लंडनला जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडात पोचायला पूर्वी महिना लागायचा, तो आता तारेने येऊ लागला.

माहिती इतकी वेगाने यायला लागली तरी गाडीवर बसून आलेल्या शेतकऱ्याला ती दिसत नव्हती. तार यायची व्यापाऱ्याकडे. सौदा व्हायचा रुमालाखाली, दोन हातांची बोटं एकमेकांना लागून. शेजारी उभ्या असलेल्या मालकालाही आपल्या मालाचा भाव ऐकू यायचा नाही.

१८८६ साली कारंज्याला (आजच्या वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड) हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या हुकमाने भारतातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला, आणि निझामाच्या मुलखातही १९३० च्या सुमारास असा कायदा आला. आपल्या आजच्या बाजार समित्यांची आणि मोंढ्यांची ही आजोबा-पणजोबा मंडळी. पण कारंज्याच्या बाजारामागे शेतकऱ्याचा कळवळा हे मुख्य कारण नव्हतं. मँचेस्टरला स्वच्छ, बिनभेसळीचा कापूस रास्त भावात मिळावा, ही निकड होती. माप नीट झालं, भाव उघड झाला, त्याचा थोडा फायदा शेतकऱ्यालाही झाला, हे खरं. पण व्यवस्था ज्याने मागवली होती तिची रचना त्याच्याच प्रश्नाभोवती झाली. ‘मला चांगला कापूस कुठे मिळेल?’ हा प्रश्न. ‘मी कापूस आज विकू की थांबू?’ हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर देणारं खातंही निघालं नाही.

तारेने येणाऱ्या भावाची एक गमतीशीर शेपटी आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडणारा आणि बंद होणारा भाव मुंबईला यायचा, आणि त्याच्या आकड्यांवर लोक पैज लावायचे. हाच तो ‘आकडा’. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून भाव येणं बंद झालं, मग मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले आणि आकड्याचा मटका झाला. ज्या माहितीवर आपण काहीच करू शकत नाही तिचा शेवटी जुगारच होतो, हे मला यातून नेहमी जाणवतं.

व्यापाऱ्यांचं झालं, आता सरकारचं बघू. कारण आपल्याकडे सगळ्यात मोठी माहितीची यंत्रणा कुठल्या कंपनीची नव्हती, ती महसूल खात्याची होती. निझामाच्या मुलखात सालारजंगाने १८६५ पासून जिल्हाबंदी केली. गावात पटवारी, वर तहसील, वर जिल्हा, आणि त्यावर हैदराबाद. गावोगावचे कागद कुठे उर्दूत तर कुठे मोडीत. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, पटवाऱ्याचा तलाठी झाला. पण जुनी माणसं अजूनही पटवारीच म्हणतात.

या यंत्रणेत दरवर्षी एक फार महत्त्वाचा आकडा निघायचा आणि अजूनही निघतो, तो म्हणजे पैसेवारी. पूर्वीची आणेवारी. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, त्या मानाने यंदा किती? आता शंभर पैशांत मोजतात, आणि पन्नास पैशांच्या खाली की वर यावर सवलती मिळणार की नाही हे ठरत आलं. एका आकड्यात अख्ख्या गावाचं वर्ष! सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, आणि खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरच्या मध्यावर. तोवर सोयाबीन, मूग, उडीद विकून खर्चही झालेला असतो. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय!

‘नजरअंदाज’ हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. नजरेने अंदाज केला आहे, असं तो स्वतःच सांगतो. पण नजर कुणाची? पीक जास्त दिसावं असं एकाला वाटतं, कमी दिसावं असं दुसऱ्याला. हा प्रश्न सोडवायच्या कामात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे आणि आपल्याला त्यांचं नाव फारसं माहीत नसतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली. गावं आणि शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, शेतात ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, वजन करायचं. नजर संपली, काटा आला.

यावर कोलकात्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा वाद झाला. महालनोबिस छोट्या मापाचे तुकडे पुरेत म्हणायचे. सुखात्म्यांचं म्हणणं की तुकडा फार छोटा घेतला तर उत्पादन फुगून दिसतं. कारण सोपं आहे. चौकोनाच्या कडेवर जी ताटं येतात ती आत धरायची की बाहेर? माणूस सहसा आत धरतो. चौकोन जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने कड जास्त, म्हणून चूक जास्त. यात कुणी लबाडी करत नाही, सगळे इमानाने मोजतात, आणि तरीही आकडा खोटा निघतो! हरीसिंगाच्या कागदात माणूस खोटा होता. इथे सगळे खरे, पण मोजायची रीत चुकली की तसाच घोटाळा.

आणि हा काही जुन्या पुस्तकातला वाद नाही. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली आली. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा मिळू लागला, २०२५ साली ती सवलत बंद झाली आणि नुकसानभरपाईचा मुख्य आधार पुन्हा पीक कापणी प्रयोगच राहिला. महसूल मंडळातल्या मोजक्या चौकोनांवर मंडळातल्या सगळ्या शेतकऱ्यांची भरपाई ठरते. तुमच्या शेतात पाणी साचून सोयाबीन सडलं, पण चौकोन पडला तिथलं पीक बरं निघालं, तर कागदावर तुमचं पीकही बरं.

आता आजच्या मोंढ्यात येऊ. हिंगोलीचा संत नामदेव मार्केट यार्ड हळदीसाठी सगळीकडे ओळखला जातो (नामदेवांचं नरसी गाव जवळच). वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि वसमतलाच बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा संशोधन केंद्र उभं राहतं आहे. हळद मे-जूनमध्ये लावायची, जानेवारीपासून काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि मग बिटात न्यायची. वर्षभराचं पीक, खर्च मोठा. पण एक सोय आहे. हळद नीट वाळवून ठेवली तर टिकते. टोमॅटोसारखी घाई नाही. म्हणजे ‘आज विकू की थांबू’ हा प्रश्न हळदवाल्याला खरोखर विचारता येतो.

या प्रश्नासाठी माहिती आज किती आहे! २००० साली केंद्र सरकारचं ॲगमार्कनेट सुरू झालं, देशभरच्या बाजार समित्यांचे भाव संगणकावर आले. २००४ पासून एनसीडीईएक्सवर हळदीचे वायदे सुरू झाले, त्याचा मूळ भाव निजामाबादचा. १४ एप्रिल २०१६ ला ई-नाम आलं. मोंढ्यात उभ्या असलेल्या पोराच्या मोबाइलवर आज निजामाबाद, सांगली, इरोड, वसमत सगळे भाव एकाच वेळी दिसतात. लिव्हरपूलची तार ज्याला दिसत नव्हती त्याच्या नातवाच्या नातवाला सगळं दिसतं.

मग प्रश्न सुटला का?

यावर दोन अभ्यास मला फार बोलके वाटतात. पहिला रॉबर्ट जेन्सन यांचा, २००७ साली छापलेला, उत्तर केरळातल्या मच्छीमारांवर. १९९७ ते २००१ या काळात तिथे मोबाइल आला. मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदरावर काय भाव आहे हे विचारू लागले आणि होडी तिकडे वळवू लागले. बंदरा-बंदरांतला भावाचा फरक जवळजवळ मिटला, मासळी फुकट जाणं थांबलं, त्यांचा नफा आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकालाही मासे चार टक्क्यांनी स्वस्त मिळाले. दुसरा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातला. २००७ साली रॉयटर्स मार्केट लाइट नावाची सेवा सुरू झाली, शेतकऱ्यांना मोबाइलवर भाव आणि हवामानाचे संदेश पाठवणारी. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी शंभर गावांत तिचा परिणाम तपासला आणि २०१२ साली छापला. शेतकऱ्याला मिळालेल्या सरासरी भावात दखल घ्यावी असा फरक पडला नाही.

माहिती दोन्हीकडे होती. मग फरक कशाचा? मला वाटतं, होडीचा. मच्छीमाराकडे स्वतःची होडी होती आणि ती वळवता येत होती. आपल्या शेतकऱ्याने ज्या आडत्याकडून पेरणीला उचल घेतली त्याच्याच दुकानात माल न्यायचा असतो. टेम्पोचं भाडं, हमाली, तोलाई, आणि पुढे लेकीचं लग्न किंवा पीककर्जाचा हप्ता. सांगलीचा भाव जास्त आहे हे कळून तो काय करणार? लूनच्या व्याख्येतली माहिती आली, कृती राहिली.

या कृतीची सोय करणाऱ्या योजना आहेत आणि त्या डॅशबोर्डपेक्षा कितीतरी साध्या आहेत. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत सहा टक्के व्याजाने कर्ज मिळतं, भाव आला की विकायचा. हळदीलाही ते मिळतं. २०१७ पासून गोदामाची पावती इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळू लागली आणि तिच्यावर बँक कर्ज देऊ शकते. माझ्या दृष्टीने हळदीच्या शेतकऱ्याचं खरं बिझनेस इंटेलिजन्स म्हणजे एका हातात भावाचा मोबाइल आणि दुसऱ्या हातात गोदामाची पावती. पावती नसेल तर मोबाइलवरचा भाव म्हणजे पुन्हा न्यूयॉर्कचा आकडा.

आणि भाव तरी कसला? बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन रकाने असतात. हळद कांडी की गट्टू, ओल किती, पॉलिश कशी, यावर दर ढिगाचा भाव वेगळा. ‘सर्वसाधारण’ भाव मिळालेला शेतकरी शोधायला गेलात तर क्वचित सापडेल. वरच्या साहेबाला तो आकडा पुरतो, कारण त्याला जिल्ह्याचा अंदाज हवा असतो. ढिगाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो पुरत नाही.

आता पुढे काय, याबद्दल. वारं कुठे वाहतं आहे ते स्पष्ट दिसतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोटो काढतो आणि सातबारावर पीक नोंदवतो. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं मंडळा-मंडळात बसली. २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, उपग्रहातून दिसणारा हिरवेपणा आणि मातीतली ओल बघायला लागले. ॲग्रिस्टॅकमध्ये प्रत्येक शेतकऱ्याला ओळख क्रमांक मिळू लागला. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय हे २०२९ पर्यंतचं धोरण मंजूर केलं. आमच्या क्षेत्रातही तेच. तक्ते आणि आलेख हे मागच्या पिढीचं काम होत चाललं आहे. आता साध्या भाषेत प्रश्न विचारा, यंत्र उत्तर देतं. मराठीतही देतं.

मला याचं कौतुक आहे. ई-पीक पाहणीत पहिल्यांदाच नोंद करणारा हात शेतकऱ्याचा आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. पटवाऱ्याच्या ओसरीवर बसून जे लिहिलं जायचं ते आता बांधावर लिहिलं जातं. पण ‘पी हळद अन् हो गोरी’ असं होणार नाही. या नव्या व्यवस्थेकडे बघताना मी हिंगोलीने शिकवलेले तीन प्रश्न विचारतो.

एक, कागद मालाशी कोण ताडून बघतो? परवाना, सातबारा, जिओटॅग केलेला फोटो, सगळ्यांची जात एकच. जुळतं म्हणून खरं असं नाही. यंत्र आता इतक्या सफाईने उत्तर देतं की शंका घ्यायचंच सुचत नाही. म्हणून कुणीतरी अधूनमधून शेतात जाऊन चौकोन आखायलाच हवा, आणि तो पुरेसा मोठा हवा.

दोन, उत्तर खाली कधी येतं? दोनशे वर्षं माहिती वर जाते आहे. बांधावरून तहसीलला, तहसीलहून जिल्ह्याला, तिथून हैदराबादला, मुंबईला, दिल्लीला. वरून निर्णय येतो, माहिती परत येत नाही. आपल्या मंडळात चौकोन कुठे पडले, किती किलो निघाले, हे त्याच आठवड्यात गावातल्या चावडीवर लावता येईल. त्याला कसलीही कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. नाहीतर कितीही भारी यंत्र आणलं तरी ते उंटावरून शेळ्या हाकणंच.

तीन, ज्याची माहिती आहे त्याला ती परत वापरता येते का? याचं एक उदाहरण अगदी ताजं आहे. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायचं काम हाती घेतलं, आणि २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटबद्दल शासन निर्णय निघाला. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मला दिसतं ते हे, की निझामाच्या काळात सारा, शिरगणती अशा कामांसाठी उर्दूत आणि मोडीत लिहिलेल्या ओळी आज पणतवंडांच्या शाळा-नोकरीचा प्रश्न होऊन बसल्या. लिहिणाऱ्या कारकुनाला हा प्रश्न स्वप्नातही नसेल. आज ई-पीक पाहणीत आणि ओळख क्रमांकात जे भरलं जातं आहे त्याचे असेच काय काय अर्थ शंभर वर्षांनी निघतील, कुणी सांगावं? निदान ज्याची नोंद आहे त्याच्याकडे तिची प्रत तरी असावी.

म्हणून आपल्या घरच्या मंडळींना एक विनंती आहे. मोंढ्यातून आल्यावर आडत्याची हिशेबपट्टी आपण खिशातून काढतो, रक्कम बघतो आणि टाकून देतो. ती टाकू नका. तारीख, वजन, प्रत, भाव, कपात, सगळं त्यावर असतं. दहा वर्षांच्या पट्ट्या एका पिशवीत असतील तर आपल्या हळदीला मार्चमध्ये काय मिळालं आणि ऑगस्टमध्ये काय, हे कुठल्याही सरकारी तक्त्यापेक्षा त्या पिशवीतून जास्त नीट कळेल. तो ‘सर्वसाधारण’ भाव नसेल, आपला भाव असेल. कुणाकडे जुन्या पट्ट्या निघाल्या तर मला सांगा, मी बसून त्यांचा तक्ता करून देईन. मुनीमकी म्हणा हवं तर.